पुरानंतरचा लॉस ऑफ प्रॉफिट दावा: तुलनेसाठी कोणता काळ धरायचा?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमची बेकरी आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, त्यात आमचा तळमजला पूर्ण बुडाला. २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी जिथपर्यंत चढले होते तिथे वडिलांनी भिंतीवर रेघ मारून ठेवली होती; या वेळी ती रेघ पाण्याखाली गेली. भट्टी, पीठ मळण्याचे यंत्र, दोन डीप फ्रीजर आणि मैदा-साखरेची सगळी पोती गेली.

इमारतीतील सामान आणि यंत्रे यांचा, पूरही धरणाऱ्या फायर पॉलिसीखालचा दावा मंजूर झाला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २००५ नंतर वडिलांनी त्या पॉलिसीच्या जोडीला लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसीही, म्हणजे धंदा बंद राहिल्याने बुडणाऱ्या नफ्याचा विमाही, घेतली होती आणि दरवर्षी न चुकता तिचा हप्ता भरला होता. बेकरी ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ७१ दिवस बंद होती. या काळात खेडमधील एका ओळखीच्या बेकरीची भट्टी रात्रपाळीला भाड्याने घेऊन आम्ही फक्त हॉटेलांचा पाव पुरवत राहिलो, कारण ती गिऱ्हाइके एकदा तुटली की परत येत नाहीत.

आता नुकसान मोजण्यासाठी विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने केलेला हिशेबाचा कच्चा मसुदा हातात आला आहे आणि त्यातील तीन गोष्टी मला पटत नाहीत. पहिली, त्यांनी आमच्या उलाढालीची तुलना २०२० च्या त्याच ७१ दिवसांशी केली आहे, तर ते दिवस टाळेबंदीचे होते आणि विलगीकरणाच्या अटींमुळे त्या वर्षी गणपतीला चाकरमानी फारच कमी आले होते. दुसरी, खेडच्या भट्टीचे भाडे आणि टेंपोचा खर्च मिळून ९०,००० रुपये झाले, त्यातले पूर्ण पैसे ते धरत नाहीत. तिसरी आणि मला सर्वांत खटकलेली गोष्ट अशी की, संपूर्ण बाजारपेठच बंद असल्यामुळे आपली बेकरी कोरडी राहिली असती तरी पहिले तीन आठवडे गिऱ्हाईक आले नसते, असे म्हणून तेवढा काळ वगळावा, अशी सूचना त्या मसुद्यात आहे. ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिशेबनीस

मी पुण्यात सनदी लेखापाल आहे आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर असे काही दावे हाताळले आहेत. आपले आकडे मला माहीत नसल्यामुळे उदाहरणादाखल सोपे आकडे घेतो. आपण त्या जागी स्वतःचे आकडे घालून पाहावेत.

या पॉलिसीतील ‘ग्रॉस प्रॉफिट’ हा शब्द आपल्या नफा-तोटा पत्रकातील ढोबळ नफ्यापेक्षा वेगळा आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. निव्वळ नफा अधिक विमा उतरवलेले स्थिर खर्च, म्हणजे दुकान बंद असले तरी द्यावे लागणारे भाडे, कायम कामगारांचे पगार, कर्जावरील व्याज इत्यादी, यांची ती बेरीज असते. समजा २०२०-२१ या आर्थिक वर्षात उलाढाल ८० लाख, निव्वळ नफा ८ लाख आणि असे स्थिर खर्च २० लाख होते, तर २८ लाखांना ८० लाखांनी भागून ३५ टक्के हा दर येतो. बंद काळात जी उलाढाल बुडाली तिला या दराने गुणायचे, वाढीव खर्च मिळवायचा आणि बंदमुळे जे स्थिर खर्च वाचले ते वजा करायचे, असा हा साधा हिशेब आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. वाढीव खर्च मिळतो, परंतु त्या खर्चामुळे जेवढा ग्रॉस प्रॉफिट वाचला त्याच मर्यादेपर्यंत मिळतो. खेडच्या भट्टीवरून २ लाखांचा पाव विकला गेला असेल तर ३५ टक्क्यांनी ७०,००० रुपये वाचले, म्हणून ९०,००० पैकी ७०,००० च धरले जातील. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी केलेला उरलेला खर्च आपल्या दृष्टीने शहाणपणाचा होता, पण त्यासाठी वेगळे कलम घेतलेले नसेल तर तो पॉलिसीत बसत नाही. या मुद्द्यावर सर्व्हेअरची बाजू बरोबर आहे.

पहिल्या प्रश्नात मात्र आपली बाजू भक्कम आहे. नुकसानीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांतील तोच कालावधी तुलनेसाठी घ्यावा, असे पॉलिसी म्हणते हे खरे. पण त्याच व्याख्येला जोडून धंद्याचा कल आणि विशेष परिस्थिती लक्षात घेऊन आकड्यांत फेरफार करावेत, असेही ती सांगते. नुकसान झाले नसते तर जो निकाल आला असता त्याच्या शक्य तितक्या जवळ पोहोचणे हा त्या कलमाचा हेतू आहे, आणि हे फेरफार फक्त विमा कंपनीच्याच बाजूने करायचे असे कुठेही लिहिलेले नाही. समजा २०२० मध्ये त्या ७१ दिवसांत १४ लाखांची आणि २०१९ मध्ये २१ लाखांची विक्री झाली होती. २०२१ मध्ये ती २० लाख झाली असती असे आपण पुराव्याने दाखवू शकलात, तर खेडची २ लाखांची विक्री वजा जाता बुडालेली उलाढाल १२ लाखांऐवजी १८ लाख ठरते.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण मागाहून कळल्यावर फार निराशा होते. विम्याची रक्कम वार्षिक ग्रॉस प्रॉफिटपेक्षा कमी असेल तर दावा त्याच प्रमाणात कापला जातो, आणि तुलनेची उलाढाल वाढवली की वार्षिक उलाढालही वाढवावी लागते. आपली विम्याची रक्कम २५ लाख धरू. फेरफार न करता हिशेब असा होतो: १२ लाखांचे ३५ टक्के म्हणजे ४.२० लाख, अधिक ०.७० लाख, वजा वाचलेला खर्च समजा ०.४० लाख, एकूण ४.५० लाख, वार्षिक ग्रॉस प्रॉफिट २८ लाख आणि विमा २५ लाखांचा, म्हणून हाती सुमारे ४.०२ लाख. फेरफार केल्यावर १८ लाखांचे ३५ टक्के म्हणजे ६.३० लाख, आणि तेच दोन आकडे धरून ६.६० लाख; पण आता वार्षिक उलाढाल ९६ लाख धरली तर ग्रॉस प्रॉफिट ३३.६० लाख होतो, आणि २५ लाखांच्या विम्यावर हाती सुमारे ४.९१ लाख येतात. म्हणजे कागदावर २.१० लाखांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात ८९,००० च्या आसपास उरतो. तरीही तो सोडू नये. पॉलिसीत सुरुवातीचे काही दिवस आपल्या खाती घालण्याची अट असते, ती कपात यानंतर होते.

सावित्रीतीर

महाडमध्ये आमचे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे आणि त्याच दिवशी आमच्याकडे सावित्रीचे पाणी आले. आमच्याकडे फक्त ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी होती. दोन महिने दुकान बंद राहिले त्याचे काहीच मिळणार नाही, असे सांगण्यात आले. पूर तर या पॉलिसीत समाविष्ट आहे, मग हे योग्य आहे का?

हिशेबनीस

दुर्दैवाने योग्य आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ही पॉलिसी एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या उद्योगांसाठी आहे, आणि तिच्यात पूर, वादळ, भूकंप हे सर्व मुळातच समाविष्ट आहे. १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी उतरवलेला असेल तर कपात होत नाही, ही तिची मोठी सोय आहे. पण ती मालमत्तेची पॉलिसी आहे. बुडालेली कमाई तिच्यात स्पष्टपणे वगळलेली आहे. गाळ आणि राडारोडा काढण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, ती आपण मागितली आहे का ते मात्र अवश्य तपासावे. अनेक व्यापाऱ्यांनी गाळ उपसायला स्वतःच्या खिशातून मजूर लावले आणि त्याची साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि ती एकटी चालत नाही. मालमत्तेच्या पॉलिसीखाली कंपनीने जबाबदारी मान्य केली असेल तरच नफ्याचा दावा उभा राहतो. वाशिष्ठीकाठ यांचा पहिला दावा मंजूर झाला आहे, म्हणजे त्यांचा हा उंबरठा ओलांडून झाला आहे.

निवृत्त सर्व्हेअर

मी तीस वर्षे या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून त्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

सर्व्हेअर मागच्या वर्षीचा आकडा धरतो तो लबाडीने नव्हे, तर पॉलिसीच्या शब्दांतला तोच पहिला आकडा असतो म्हणून. त्यापासून दूर जायचे तर त्याला अहवालात कारण लिहावे लागते आणि त्या कारणाच्या मागे कागद लागतो. तो कागद आपण पुरवला नाही तर तो कुठून आणणार? ‘टाळेबंदीमुळे धंदा कमी होता’ हे वाक्य पुरेसे नाही. १ एप्रिल ते २१ जुलै २०२१ या काळातली विक्री २०२० च्या आणि २०१९ च्या त्याच काळाशेजारी मांडावी. २०२१ चा आकडा २०१९ च्या जवळ आलेला असेल तर धंदा सावरत होता हे आपोआप सिद्ध होते. बेकऱ्या अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे दुसऱ्या लाटेतही आपली विक्री कापडवाल्यांसारखी थांबलेली नसणार. उलट बाजूही मान्य करा: ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर निर्बंध सैल झाले तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांत ते तिसऱ्या स्तरावरच राहिले त्यांत रत्नागिरी होता. म्हणून २१ लाखांऐवजी थोडा खालचा आकडा आपण होऊन मांडलात, तर आपल्या शब्दाला वजन येईल.

दुसरी गोष्ट कोकणापुरती फार महत्त्वाची आहे. इंग्रजी तारखांनी तुलना करताना सण सरकतात याचे भान ठेवावे. गणेश चतुर्थी २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती आणि २०२१ मध्ये १० सप्टेंबरला. वाशिष्ठीकाठ यांच्या ७१ दिवसांत दोन्ही वर्षांचे गणपती येतात, त्यामुळे त्यांना फारसा फरक पडत नाही. पण ज्यांचे दुकान ३१ ऑगस्टला उघडले, त्यांच्या २०२० च्या आकड्यात गणपतीची खरेदी असेल आणि २०२१ च्या बंद काळात ती नसेलच; तिथे सर्व्हेअरने आकडा खाली आणणे न्याय्य आहे. शिवाय २०२० मध्ये अधिक आश्विन आला होता, त्यामुळे नवरात्र आणि दिवाळीही पुढे गेली होती. ज्यांचा दावा नोव्हेंबरपर्यंत चालतो त्यांनी तिथीप्रमाणे आठवडे जुळवून तक्ता करून द्यावा. मी स्वतः असे तक्ते स्वीकारलेले आहेत.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ‘सगळा बाजारच बंद होता’ या मुद्द्यावर, आमच्या व्यवसायात फार वर्षे तोच विचार रूढ होता आणि मीही तसे लिहिले आहे. त्यावर कायद्याचे जाणकार बोलतील तर बरे.

परदेशस्थ वकील

मी लंडनमध्ये विमा-कायद्याचे काम करतो आणि मूळचा रत्नागिरीचा आहे, त्यामुळे हा धागा मनापासून वाचतो आहे. सर्व्हेअरच्या मसुद्यातील या युक्तिवादाला एक इतिहास आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर उद्ध्वस्त केले, त्यात तिथल्या एका मोठ्या हॉटेलचे नुकसान होऊन ते बंद पडले. हॉटेलने धंद्याच्या नुकसानीचा दावा केला तेव्हा विमा कंपनीने म्हटले की, हॉटेल शाबूत असते तरी ओस पडलेल्या शहरात पाहुणे आले नसते. म्हणून नुकसान हॉटेलच्या मोडतोडीमुळे झालेले नाही. लवादाने आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. ओरिएंट-एक्सप्रेस हॉटेल्स विरुद्ध जनराली या नावाने हा निकाल ओळखला जातो, आणि जगभरच्या सर्व्हेअरांच्या लिखाणात तो पुढे झिरपला.

या निकालाचा परिणाम जरा डोळ्यांसमोर आणा: आपत्ती जितकी मोठी, तितकी भरपाई कमी. एकट्याच्या दुकानात पाणी शिरले तर पूर्ण पैसे आणि गावच बुडाले तर काहीच नाही, हे सामान्य माणसाला जितके विचित्र वाटते तितकेच ते अखेर न्यायालयालाही वाटले. कोविडच्या दाव्यांसाठी ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने चालवलेल्या कसोटी खटल्यात १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओरिएंट-एक्सप्रेसचा निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला. २०१० चा निकाल देणारे न्यायमूर्ती हॅम्ब्लेन आणि त्या लवादात बसलेले लेगॅट हे दोघेही आता सर्वोच्च न्यायालयात होते, आणि आपली पूर्वीची भूमिका चुकली होती असे मुख्य निकालपत्र त्यांनीच लिहिले. स्वतःची चूक अशी उघडपणे दुरुस्त करणाऱ्या न्यायाधीशांबद्दल मला फार आदर वाटतो.

त्यातील सूत्र असे आहे: कल आणि विशेष परिस्थितीचे कलम आपत्तीशी संबंध नसलेल्या गोष्टींसाठी आहे. ज्या संकटाने आपली मालमत्ता बुडवली, त्याच संकटाने परिसरही बुडवला असेल, तर परिसराचे नुकसान ही ‘वेगळी परिस्थिती’ म्हणून दाव्यातून वजा करता येत नाही. टाळेबंदीचा पुराशी संबंध नाही, म्हणून तिचा फेरफार करायचा. बाजार बंद राहिला तो त्याच पुरामुळे, म्हणून त्याचा करायचा नाही. आपला पहिला आणि तिसरा प्रश्न अशा रीतीने एकाच सूत्राने सुटतात, आणि ही सुसंगती आपल्या पत्रात ठळकपणे यायला हवी.

हिशेबनीस

अतिशय उपयुक्त प्रतिसाद. इंग्लंडचा निकाल भारतात बंधनकारक नाही, केवळ विचारार्थ मांडता येतो, एवढी मर्यादा मात्र वाशिष्ठीकाठ यांनी ध्यानात ठेवावी. आपल्याकडच्या पॉलिसीतले ते कलम इंग्लिश मसुद्यावरूनच आलेले असल्यामुळे त्याचे वजन पडेल, असे माझे मत आहे. शिवाय त्यांच्यापाशी वस्तुस्थितीचेही उत्तर आहे: गिऱ्हाईक आले नसते म्हणता, तर त्याच आठवड्यांत खेडवरून आणलेला पाव कोणी विकत घेतला? त्या दिवसांची डिलिव्हरी चलने जोडावीत. गाळ उपसणारे लोक, स्वयंसेवक आणि मदतीची पथके यांच्या जेवणासाठी चिपळुणात पाव लागतच होता.

सांगलीकर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्यात माझे गोदाम आणि कार्यालय दोन्ही गेले, त्या अनुभवावरून दोन गोष्टी लिहितो.

माझी वह्या-बिले लगदा झाली होती आणि संगणकही गेला होता. उलाढाल सिद्ध करायला जीएसटीच्या पोर्टलवरील विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खातेवहीच्या नकला कामाला आल्या. बेकरीच्या बाबतीत मैद्याच्या गिरणीकडून खातेउतारा मागवावा. महिन्याला किती पोती उचलली यावरून किती माल भाजला गेला याचा अंदाज कोणालाही मान्य करावा लागतो. भिजलेली कागदपत्रे फेकण्यापूर्वी त्यांचे फोटो काढावेत.

दुसरी गोष्ट सांगताना आजही त्रास होतो. माझी विमा कंपनी कोणती ते लिहीत नाही. पैशांची फार निकड होती, कामगारांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते, आणि त्या अवस्थेत पूर्ण व अंतिम समाधान झाल्याच्या पावतीवर मी सही केली. रक्कम माझ्या हिशेबाच्या निम्मीही नव्हती. माझ्या पत्नीने तेव्हा बजावले होते की सहीच्या वर ‘हरकत राखून’ असे लिहा, पण ते मी ऐकले नाही.

परदेशस्थ वकील

आपल्या पत्नीचा सल्ला अचूक होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन मिल्स या प्रकरणात स्पष्ट केले आहे की अशा पावतीवर सही केल्याने ग्राहकाचा हक्क आपोआप संपत नाही. मात्र सही फसवणुकीने, दबावाने किंवा तत्सम मार्गाने घेतली गेली हे ग्राहकाने सिद्ध करावे लागते. हा भार जड असतो, आणि सही करतानाच हरकत नोंदवली तर तो बराच हलका होतो. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात म्हटलेले आहे.

निवृत्त सर्व्हेअर

मुदतींबद्दल थोडे. २०२४ मध्ये नवे नियम येईपर्यंत लागू असलेल्या २०१७ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमायचा असे, त्याने साधारणपणे ३० दिवसांत अहवाल द्यायचा असे आणि अहवालानंतर कंपनीने ३० दिवसांत निर्णय घ्यायचा असे. उशीर झाल्यास बँक दरापेक्षा २ टक्के अधिक व्याज द्यावे लागते. नफ्याच्या दाव्यात भरपाईचा कालावधी, म्हणजे पॉलिसी जितक्या काळाचा बुडालेला नफा भरून देते तो काळ, संपेपर्यंत अंतिम अहवाल देताच येत नाही, म्हणून तोपर्यंत अंशतः रक्कम मागण्याचा लेखी अर्ज करावा. तोंडी विनंतीची नोंद राहत नाही.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मध्ये तीन महिने गेले, म्हणून काय झाले ते लिहितो.

तीन वर्षांचा आठवडेवार तक्ता, गिरणीचा खातेउतारा, विवरणपत्रे आणि खेडच्या भट्टीची चलने जोडून आठ पानांचे पत्र दिले. आम्ही २० लाखांचा आकडा मांडला होता. बरीच चर्चा होऊन कंपनीने तुलनेची उलाढाल १८.५० लाख आणि वार्षिक उलाढाल ९२ लाख मान्य केली. योगायोगाने आमचा दर आणि विम्याची रक्कम हिशेबनीस यांच्या उदाहरणाच्या अगदी जवळची होती, आणि कपातीनंतर आकडा सुमारे ४ लाख ७१ हजार आला. त्यातून सुरुवातीच्या दिवसांची कपात वेगळी झाली. पहिले तीन आठवडे वगळण्याची सूचना अंतिम अहवालात आलीच नाही. इंग्लंडच्या निकालाचा उल्लेख त्यांनी कुठे केला नाही, पण चलनांच्या तारखा मात्र अहवालाच्या परिशिष्टात एकेक करून उतरवल्या आहेत.

पावतीवर सही करताना वार्षिक उलाढालीच्या आकड्याबाबत हरकत राखून ठेवत आहे, असे लिहिले. त्या फरकासाठी विमा लोकपालांकडे जावे की नाही, हे अजून ठरवलेले नाही; आमचा उद्योग सूक्ष्म गटात मोडत असल्यामुळे तो मार्ग आम्हाला खुला आहे आणि एका वर्षाची मुदत आहे. नूतनीकरणाच्या वेळी विम्याची रक्कम ३६ लाख केली आणि भरपाईचा कालावधी सहा महिन्यांवरून बारा महिने केला. नवी भट्टी पहिल्या मजल्यावर बसवता येईल का, याची चौकशी चालू आहे. पीठ मळण्याचे यंत्र जड असल्यामुळे ते खालीच राहील, पण ते चौथऱ्यावर उचलून घेतले आहे आणि भिंतीवर वडिलांच्या रेघेच्या वर २०२१ ची रेघ मारली आहे.